सीत्से ट्रेनरांचा गुरुवार

सीत्से बोन्स्त्रांनी आपला शेवटचा दिवस ठरवला, तेव्हा गावाला तो एखाद्या सामन्यासारखाच कळला. गुरुवार, दुपारी दोन वाजता, घरच्या मैदानावर. हे शेवटचं त्यांनी स्वतःच जोडलं होतं. फुटबॉल क्लबचा अध्यक्ष भेटायला गेला होता, त्याला हसावं की रडावं कळेना. "ट्रेनर, असं काय बोलता?" तो म्हणाला. तर म्हणे, "मग कसं बोलू? हॉस्पिटल म्हणजे परक्यांचं मैदान. तिथे कोण जिंकलंय?"

रिन्स्केला बातमी सोमवारी सकाळी पुलावर कळली. गावाच्या टोकाला कालव्यावर उचलता पूल आहे. काचेच्या खोलीत बसून होड्यांसाठी तो वर घ्यायचा आणि मोटारींसाठी खाली सोडायचा, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. सप्टेंबर सरत आला होता, शिडाच्या होड्या तुरळक झाल्या होत्या. फोन आक्केचा होता, ट्रेनरांच्या बायकोचा.

"उद्या येऊन जाशील? त्याला तुझ्याशी बोलायचंय. दुपारीच ये, सकाळी त्याची जीभ जड असते."

"येते. आक्के, गुरुवारचं खरं का?"

"खरं. दोन्ही डॉक्टरांचे कागद झाले. आणि हे बघ, येताना केक आणू नकोस. लोकांनी माझ्या घराची बेकरी करून टाकलीय."

वर्षभरापूर्वी ट्रेनरांच्या हातून कॉफीचा कप निसटला होता, तिथून सुरुवात. मग बुटाची नाडी बांधता येईना, मग दोन्ही हात गेले, मग मान कलायला लागली. स्नायू एकामागून एक काम सोडत जातात आणि डोकं मात्र लख्ख राहतं, असला तो आजार. पुढची पाळी श्वासाची होती. वसंतातच त्यांनी डॉक्टर मेइन्स्माबाईंना सांगून ठेवलं होतं, की गुदमरायची वेळ येण्याआधी मला जायचंय. इथे कायद्याने डॉक्टरला तशी मुभा आहे, पण आधी खात्री करावी लागते. बाईंनी वेगवेगळ्या दिवशी तीनदा विचारलं. मग दुसऱ्या गावाहून अनोळखी डॉक्टर आला, त्याने आक्केला बाहेर पाठवून त्यांना एकट्यांना विचारलं. उत्तर प्रत्येक वेळी तेच आलं.

रिन्स्केने फोन ठेवला आणि थांबलेल्या एका होडीसाठी पूल वर घेतला. होडीवाल्याने हात हलवला. तिनेही हलवला. तिला वाटत होतं, आपल्याला रडू यायला हवं. आलं नाही.

ती वीस वर्षांची होती तेव्हा गावातल्या बारा मुलींनी फुटबॉलचा संघ काढला. शनिवारचं मैदान पुरुषांचं, त्यामुळे मुलींना रविवारी सकाळी नऊची वेळ मिळाली. म्हणजे अर्धं गाव चर्चला निघालेलं असताना या पोरी अर्ध्या चड्डीत, चिखलात. त्यांना शिकवायला कोणी तयार होईना. दूध कारखान्यात चीजच्या विभागात काम करणारे सीत्से पुढे आले. कारखान्यातले लोक म्हणाले, "अरे, चीज निदान जिथे ठेवशील तिथे राहतं." ते म्हणाले, "म्हणूनच तर कंटाळा आलाय."

चौथ्या वर्षी त्या मुली जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोहोचल्या. रिन्स्के कर्णधार होती. आदल्या आठवड्यात तिचा गुडघा सुजला होता, पण तिने मोज्याखाली घट्ट पट्टी बांधून ते लपवलं. सामन्याच्या सकाळी बसमधून उतरताना तिने पायरीवर आधी कुठला पाय टाकला, एवढं ट्रेनरांनी पाहिलं. बस्स. तिला राखीव बाकावर बसवलं. ती भांडली, ओरडली, पट्टी काढून त्यांच्या अंगावर फेकली. संघ एक-शून्यने हरला. त्यानंतर दोन वर्षं ती त्यांच्याशी बोलली नाही. पुढे बोलणं सुरू झालं, त्यांच्या हाताखाली ती आणखी सहा हंगाम खेळली, पण त्या दिवसाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

मंगळवारी ती गेली तेव्हा ट्रेनर खिडकीशी खुर्चीत होते. हात मांडीवर ठेवलेले. ठेवलेले म्हणजे आक्केने ठेवलेले. मानेला पट्टा. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते.

"कॉफी घेणार का ट्रेनर?" तिने विचारलं.

"नळीने पितो. नळीने प्यायलेली कॉफी ही कॉफी नव्हे. तू घे." शब्द एकमेकांना चिकटून येत होते, पण कळत होते. "बस. दोन कामं आहेत. पहिलं सोपं. मला खांदा तुम्ही पोरींनी द्यायचा."

"पोरी! ट्रेनर, यिल्दाउला दोन नातवंडं आहेत."

"नातवंडांना घेऊन येऊ दे. सहा जणी. यिल्दाउ आणि तू पुढे, उंचीने सारख्या आहात. मागे बुटक्या नकोत, नाहीतर मी उलटा घसरेन. आक्केकडे यादी आहे."

रिन्स्के हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. त्यांनी पाहिलं, पण खिडकीबाहेर बघत राहिले, तिचं आटपेपर्यंत.

"भीती वाटते का?" तिने विचारलं.

"गुरुवारची नाही. गुरुवार टळला तर पुढच्या महिन्याची वाटते." ते दम घ्यायला थांबले. "तुला पटत नसेल तर तसं सांग. पटलंच पाहिजे असं नाही."

"मला पटतं. नकोही वाटतं. दोन्ही."

"आक्केचंही तेच आहे. ठीक आहे."

मग तिने अठ्ठावीस वर्षांत न काढलेला विषय काढला. आता नाही तर कधी? "ट्रेनर, त्या फायनलला मला बसवलंत..."

"आजही बसवलं असतं."

"आपण हरलो!"

"हरलो. आजही हरलो असतो." त्यांच्या तोंडाची एक बाजू वर गेली. हसणं आता एवढंच उरलं होतं. "तू किती शिव्या घातल्यास त्या दिवशी. त्यातल्या दोन तर मलाही नवीन होत्या."

स्वयंपाकघरातून आक्के म्हणाली, "घरी येऊन त्याने मला अर्थ विचारला होता."

दुसरं काम अवघड होतं. सीत्सेंना एक थोरला भाऊ होता, गेर्लोफ, एक्याऐंशी वर्षांचा. पुलापलीकडे त्याची शेती. दोन घरांत सायकलने पंधरा मिनिटांचं अंतर, पण एकोणसाठ वर्षांत दोघे फक्त आईवडिलांच्या अंत्यविधीला एका खोलीत आले होते. घर कर्मठ, रविवारी खेळणं म्हणजे पाप. वडील चर्चच्या पंचांपैकी. एकोणीस वर्षांच्या सीत्सेने एका रविवारी कोटाखाली बूट लपवले आणि सामना खेळायला गेला. संध्याकाळी परत आला तर दार बंद. वडिलांनी कुलूप लावायला गेर्लोफला सांगितलं होतं आणि गेर्लोफने ते लावलं होतं.

"त्याला कॉफीला बोलाव," सीत्से म्हणाले. "उद्या. तू सांगितलंस तर ऐकेल. पुलावर तो तुला हात करतो ना?"

"दर शनिवारी. ट्रॅक्टरवरून. पण ट्रेनर, त्यांना हे गुरुवारचं..."

"मान्य होणार नाही. माहीत आहे. मला त्याचा आशीर्वाद नकोय. बायबल आणायचं तर आणू दे, जाताना परत न्यायचं म्हणावं. फक्त यावं. भाऊ आहे."

बुधवारी सकाळी रिन्स्के सायकलने गेली. गाई आता गेर्लोफच्या मुलाकडे होत्या. म्हाताऱ्याकडे वीस-पंचवीस मेंढ्या. तो कुंपणाशी एका मेंढीचे खूर कापत बसला होता. तिचं म्हणणं त्याने मान वर न करता ऐकून घेतलं.

"मला कळलंय," तो म्हणाला. "पाद्रीबुवांनी सांगितलं. ज्याने दिलं तोच नेतो, रिन्स्के. मधे डॉक्टरने हात घालायचा नसतो. तू मला यावर काही शिकवू नकोस."

"मी नाही शिकवत. मला तेवढं येतही नाही."

"मग आलीस कशाला?"

"कॉफीला बोलवायला."

"आणि मी तिथे बसून कॉफी ढोसायची? उद्याच्या उद्या तो हे करणार, आणि मी आज बिस्किट बुडवायचं? म्हणजे माझी मान डोललीच की."

"ते म्हणाले, मान डोलवायची गरज नाही. बायबल आणलंत तरी चालेल. जाताना परत न्या, एवढंच."

म्हाताऱ्याच्या नाकातून आवाज आला. हसला की फुरफुरला, सांगता येत नव्हतं. "असाच होता तो. लहानपणापासून वात्रट." त्याने मेंढी सोडली, ती लंगडत पळाली आणि दहा पावलांवर लंगडायचं विसरली. "नाही येणार. सांग त्याला."

"सांगते." रिन्स्के सायकलकडे वळली. वाद घालण्यात तिला कधीच गती नव्हती. मैदानावरही ती एकदाच भांडली होती, आणि ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं.

ती फाटकाशी पोहोचली तेव्हा मागून आवाज आला. "कप कसा धरतो तो?"

"नाही धरत. हात चालत नाहीत. आक्के भरवते."

गेर्लोफ चाकूचं पातं पॅंटला पुसत राहिला.

दुपारी ती कामावर होती. चार वाजता एका जर्मन शिडाच्या होडीने भोंगा दिला, तिने अडसर पाडले, पूल वर घेतला. होडी अगदी रमतगमत आली. होडीतल्या बाईला फोटो काढायचे होते. रस्त्यावर चार मोटारी थांबल्या. तिसरी मोटार जुनी, करडी, कडेला शेण लागलेली. तिची काच खाली झाली आणि आतून काळा कोट घातलेला हात बाहेर आला.

"ए रिन्स्के!" गेर्लोफ ओरडला. "सुट्टी त्यांची, पण म्हातारा मी होतोय इथे! खाली घे तो पूल!"

रिन्स्केने खिडकी उघडली. "होडी मधे आहे, गेर्लोफ! बुडवू का?"

"त्या बाईला म्हणावं, फोटो झाले असतील तर पुढे हो!"

पूल खाली आला. अडसर उठले. मोटार तिच्या खोलीखालून गेली, आणि म्हाताऱ्याने शनिवारसारखा हात केला नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

त्या घरात काय झालं ते संध्याकाळी आक्केने फोनवर सांगितलं. गेर्लोफ आधी दारातच उभा राहिला. म्हणाला, "सीत्से, हे बरोबर आहे असं मी म्हणू शकत नाही." सीत्से म्हणाले, "मी विचारलेलं नाही. बस." मग बराच वेळ मेंढ्या, कालव्याचं पाणी, कोण कोण गेलं. बायबल त्याने आणलं नव्हतं. मग मधेच तो म्हणाला, "तुझी दाढी वाढलीय." आक्केने सांगितलं, की दाढी करणारी नर्स दोन-तीन दिवस आलेली नाही. तेव्हा त्याने कोट काढला, बाह्या वर केल्या आणि गरम पाणी मागितलं.

"रिन्स्के, ते हात तुला माहीत आहेत. फावड्यासारखे. मला वाटलं कापणार आता. पण कुठे ओरखडा नाही. मानेचा पट्टा काढला, एका हाताने डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने सावकाश. अर्धा तास. मग टॉवेलने पुसता पुसता म्हणाला, 'ते कुलूप मी लावलं होतं.' सीत्से म्हणाला, 'माहीत आहे. बाहेरून खिडकीतून बघत होतो तुझ्याकडे, तू रडत होतास.'"

"मग?"

"मग काय. सहा वाजले. म्हणाला, उद्या मी येणार नाही. सीत्से म्हणाला, नको येऊस. पण दारापर्यंत जाऊन परत आला आणि सीत्सेच्या कपाळावर हात ठेवून गेला. मी भांडी घासत होते. म्हणजे, घासतेय असं दाखवत होते."

गुरुवारी दोन वाजता रिन्स्के पुलावरच होती. सुट्टी घेता आली असती. पण घरी बसून घड्याळ बघण्यापेक्षा इथे बरं, असं तिला वाटलं. आकाश स्वच्छ होतं. पाचशे मीटरवरचं बोन्स्त्रांचं छप्पर खिडकीतून दिसत होतं, अंगणात डॉक्टरबाईंची निळी गाडी. दोनला पाच कमी असताना वाळू भरलेली मोठी मालबोट आली. तिने पूल वर घेतला. मोटारी थांबल्या, पाणी हललं, मालबोट गेली, पूल खाली आला. सव्वादोनला फोन वाजला.

"झालं," आक्के म्हणाली.

"त्रास?"

"नाही. डॉक्टरबाईंनी शेवटचं विचारलं, नक्की ना? तो हो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणतो, 'फ्रीझरमधला पाव बाहेर काढलास ना? लोक येतील.' मी हो म्हटलं. काढला नव्हता, रिन्स्के. आत्ता काढलाय." आणि मग पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.

रिन्स्के फोन धरून उभी राहिली, आक्के रडून शांत होईपर्यंत. आता तिलाही रडू आलं. एक सायकलवाला खालून बघून गेला.

पुढच्या मंगळवारी अंत्यविधी झाला. सहा जणींनी खांदा दिला, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. मागच्या एकीची कंबर धरली, तर पुढून यिल्दाउ दातांतल्या दातांत म्हणाली, "रांग सोडू नका गं, बघतायत ट्रेनर." पेटी थोडी हलली, सहाही जणी हसू दाबत होत्या. दफनभूमीच्या फाटकाशी गेर्लोफ काळा कोट घालून, हॅट हातात घेऊन उभा होता. गर्दीच्या मागे राहिला, माती टाकायला मात्र पुढे आला, आणि मूठभर नव्हे, फावडंभर टाकली.

कॉफी क्लबच्या कॅंटीनमध्ये होती. हा म्हातारा आता घरी जाणार, असं रिन्स्केने गृहीत धरलं होतं, कारण त्या मैदानावर त्याने जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. तो आला. दाराशी थांबून त्याने भिंतीवरचे फोटो, झेंडे, जिंकलेल्या कपांनी भरलेलं कपाट असं सगळं एकदा बघून घेतलं, जणू चुकून दुसऱ्याच धर्माच्या देवळात शिरला होता. तिने त्याला कॉफी आणि साखरेच्या पावाचा तुकडा दिला आणि शेजारी बसली.

अध्यक्षाने तिला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. तिने कागद लिहून आणला होता, पण उभी राहिल्यावर तो उलगडलाच नाही. गुडघ्याची गोष्टच सांगितली. मोज्याखालची पट्टी, बसची पायरी, शिव्या, आणि मागच्या मंगळवारचं "आजही बसवलं असतं." लोक खो-खो हसले. आक्केने डोळे पुसले. "मला वाटायचं, ते हट्टी आहेत," रिन्स्के म्हणाली. "होतेच. पण त्या दिवशी जिंकायची सगळ्यांत जास्त ओढ त्यांनाच होती, आणि तरी त्यांनी माझा गुडघा वाचवला, हे मला फार उशिरा कळलं." एवढं बोलून ती बसली.

गेर्लोफने कप खाली ठेवला. "एक विचारू?" त्याने हळूच म्हटलं. "चांगला खेळायचा का तो? तरुणपणी?"

रिन्स्केला उत्तर माहीत नव्हतं. तिने त्यांना फक्त शिट्टी घेऊन कडेला उभं पाहिलं होतं. ती उठली आणि पलीकडच्या टेबलावरून विगरला घेऊन आली. ऐंशीचा, काठी टेकणारा विगर साठ वर्षांपूर्वी सीत्सेंच्या बाजूला खेळलेला.

"चांगला?" विगर म्हणाला. "अहो, धावण्यात बैलगाडी. पण चेंडू कुठे येणार ते त्याला आधीच कळायचं. आम्ही घाम गाळत पोहोचायचो तर हा तिथे उभाच. त्या पहिल्या रविवारी त्याने गोल केला होता, कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर. डोक्याने."

"पहिल्या रविवारी?"

"कोटाखाली बूट घेऊन आला होता तो. त्याच दिवशी."

गेर्लोफने हातातला पावाचा तुकडा खाली ठेवला. "घरी सांगितलं नाही त्याने," तो म्हणाला. मग स्वतःच पुढे म्हणाला, "सांगणार कुणाला?"

त्यानंतर त्याने विगरला एकामागून एक प्रश्न विचारले. किती माणसं बघायला होती, पाऊस होता का, बूट कुणाचे होते. विगरला जे आठवलं ते त्याने सांगितलं, जे नाही आठवलं तेही सांगितलं. दोघे म्हातारे कॅंटीन रिकामं होईपर्यंत बसले.

रविवारी तो मैदानावर यायचा नाही, ते काही बदललं नाही. पण मार्चमध्ये एका बुधवारी, मुलींचा सराव चालू असताना, करडी मोटार कुंपणाशी येऊन थांबली. आता मुलींना रिन्स्के शिकवत होती. नाही नाही म्हणता तिच्या गळ्यात पडलं होतं ते. गेर्लोफ पाव तास कठड्याला टेकून उभा राहिला आणि मग तिला हाक मारून जवळ बोलावलं.

"उत्तरेकडच्या कोपऱ्यात पाणी तुंबतंय."

"दर वर्षी तुंबतं."

"दर वर्षी तुंबतं म्हणून सोडून द्यायचं? खाली चिकणमाती आहे. निचऱ्याचे नळ टाकावे लागतील, दीड हात खोल. पोरींचे पाय मोडतील अशाने."

"क्लबला विचारावं लागेल."

"विचार," तो म्हणाला. "मी सोमवारी येतो."

सोमवारी तो मुलाला, दोन फावडी आणि ट्रॅक्टरभर नळ घेऊन आला. तीन दिवस लागले. अध्यक्ष आभाराचं भाषण करायला आला, तर गेर्लोफने त्याच्या हातात फावडं दिलं.